फणसाच्या आठळ्या आणि ज्वारीचं बी डीप फ्रीजरमध्ये ठेवलं तर पुढे उगवेल का?

ज्वारी उगवेल, आठळी नाही. बी गोठवताना मारतं ते आतलं पाणी: त्याचे बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. ज्वारी, भात, तूर ही बियाणी ५-७ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवता येतात, म्हणून उणे १८ अंशांवर कित्येक वर्षं टिकतात. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारात हेच तापमान असतं. आठळी किंवा आंब्याची कोय सुकवली तरी मरते, गोठवली तरी मरते. ती ताजीच लावा. (प्रयोगशाळेत आठळीतला फक्त अंकुर काढून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपतात, ते घरचं काम नव्हे.) ज्वारी मात्र नीट न सुकवता हवाबंद बरणीत भरलीत तर तीही जाईल. आणि बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, बियांवर दव धरतं.