जंतुमुक्त उंदरांची देखभाल

प्रश्न : मुलाला प्रयोगशाळेत जंतुमुक्त उंदीर सांभाळायची नोकरी मिळतेय. काम नेमकं काय असतं?

उत्तर : ताई, मी 14 वर्षं हेच करते. उंदीर प्लास्टिकच्या बंदिस्त तंबूत असतात, आत गाळलेली हवाच सोडतात. आपले हात फक्त भिंतीला जोडलेल्या लांब रबरी मोज्यांतून आत जातात. खाद्य, पाणी, भुसा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, निर्जंतुक करूनच द्यायचं. त्या उष्णतेत जीवनसत्त्वं घटतात, म्हणून खाद्यात आधीच जादा घालतात. के जीवनसत्त्व तर हवंच, ते बनवणारे जंतू यांच्या आतड्यात नसतातच ना! एकदा मोज्याला टाचणीएवढं भोक पडलं. लेंड्यांच्या तपासणीत जंतू सापडले आणि त्या तंबूतली सगळी पिलावळ प्रयोगातून बाद झाली. त्या रात्री मला घास गिळवला नाही. मुलाला सांगा, हात घालण्याआधी मोज्याचं बोट न् बोट उजेडात तपासायचं.