विमा कंपनीकडून माहिती फुटली, तर दाद कुठे मागायची?

प्रश्न : माझी आणि आईची मिळून एक आरोग्य विमा पॉलिसी आहे. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने ईमेलने कळवले, की त्यांच्या संगणक यंत्रणेत अनधिकृत प्रवेश झाला असून ‘काही ग्राहकांची काही माहिती’ बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, मात्र गैरवापराचा पुरावा आढळलेला नाही. तेव्हापासून आम्हाला अनोळखी फोन येतात. बोलणाऱ्याला पॉलिसी क्रमांक माहीत असतो आणि आईला मधुमेह आहे हेही माहीत असते. पैसे गेलेले नाहीत, पण आई आता फोन उचलायलाच घाबरते. ‘आमच्यावरही अन्यायच झाला आहे,’ असे कंपनी म्हणते. आर्थिक नुकसान नसताना आम्हाला काही मागता येईल का? परदेशात अशा वेळी सर्व ग्राहकांना एकत्र भरपाई मिळते, असे वाचनात आले. (एक वाचक, सांगली)

उत्तर : मागता येईल, परंतु कोणाकडे काय मागायचे हे आधी नीट ठरवावे लागेल, कारण चुकीच्या दारात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

कंपनीवर अन्याय झाला आहे हे खरे मानले, तरी ते आपल्या तक्रारीचे उत्तर होत नाही. घुसखोर फौजदारी कायद्याला जबाबदार आहे. कंपनी जबाबदार आहे ती आपण विश्वासाने सोपवलेली माहिती सांभाळण्यासाठी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३अ हेच सांगते. संवेदनशील वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या कंपनीने वाजवी सुरक्षा व्यवस्था राखण्यात हलगर्जी केली आणि त्यामुळे कोणाचे गैरवाजवी नुकसान झाले, तर तिला भरपाई द्यावी लागते. या कलमाखालच्या २०११ च्या नियमांनी आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी आणि बँक खात्याचा तपशील यांना स्पष्टपणे ‘संवेदनशील’ म्हटले आहे. म्हणजे आईच्या मधुमेहाची नोंद संवेदनशील आहे की नाही, हा वाद उरतच नाही. अडचण आहे ती नुकसानाची. या कलमाखाली हलगर्जी आणि नुकसान या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात, आणि पैसे गेलेले नसताना दुसरी गोष्ट आकड्यात मांडणे कठीण जाते.

म्हणून आपल्यासारख्या प्रकरणात मी ग्राहक आयोगाचा मार्ग आधी सुचवेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विमा ही ‘सेवा’ आहे आणि सेवा देताना दाखवलेला निष्काळजीपणा ही ‘सेवेतील त्रुटी’ आहे. निष्काळजीपणामुळे झालेल्या हानीबद्दल भरपाई देण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि मानसिक त्रासाबद्दल रक्कम मंजूर करणे ग्राहक आयोगांच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. आईने फोन उचलणे सोडले आहे, ही गोष्ट तिथे शपथपत्रावर मांडता येते. याच कायद्याच्या कलम २(४७) मध्ये ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला उघड करणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरवली आहे. परंतु सारा भार त्या एका तरतुदीवर टाकू नका. ‘आम्ही उघड केली नाही, ती चोरली गेली,’ असा बचाव कंपनी हमखास घेईल. माहिती कर्मचाऱ्याने किंवा मध्यस्थाने विकली असल्याचे पुढे आले, तर मात्र हीच तरतूद सर्वांत धारदार ठरते. अशा जाणूनबुजून केलेल्या विक्रीला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षाही आहे.

तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. कंपनीचे मुख्यालय कुठे आहे याला महत्त्व नाही. कोणत्या पातळीच्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, तर दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे आपल्या बाबतीत भरलेल्या हप्त्यांवर, ठरते. ५० लाख रुपयांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतो, आणि ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली आहे. वकील देणे सक्तीचे नाही आणि तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. कंपनीच्या ईमेलची तारीख धरून ती आजच कुठेतरी लिहून ठेवा.

एकत्र भरपाईबद्दल आपण वाचले ते बहुधा अमेरिकेतील सामूहिक दाव्यांविषयी असावे. अँथेम या आरोग्य विमा कंपनीची २०१५ मध्ये सुमारे ७ कोटी ८८ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि पुढे ११.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५(१)(क) खाली समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा काही ग्राहक आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. ही तरतूद आपल्याकडे फार कमी वापरली जाते, याची खंत वाटते. आपल्या कुटुंबातील किंवा कामाच्या ठिकाणच्या दहा-वीस जणांना तोच ईमेल आला असेल, तर त्यांना आवर्जून विचारा.

नव्या कायद्याकडूनही मोठ्या अपेक्षा आहेत, त्या थोड्या तपासून घ्यायला हव्यात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि माहिती फुटल्याचे न कळवल्यास २०० कोटींपर्यंत दंड आहे. परंतु हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्याहून गंभीर बाब अशी, की हाच कायदा वर सांगितलेले कलम ४३अ रद्द करतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले तेव्हा मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली, त्यामुळे त्या वेळापत्रकानुसार मे २०२७ पर्यंत कलम ४३अ जिवंत राहते. कलम रद्द होण्यापूर्वी निर्माण झालेला हक्क जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम ६ मुळे टिकतो, असा युक्तिवाद करता येईल, पण ज्यांचे नुकसान आधीच झाले आहे त्यांनी तो युक्तिवाद करण्याची वेळ स्वतःवर येऊ देऊ नये. भरपाईचा थेट हक्क काढून घेऊन केवळ सरकारी दंड ठेवणे हा सामान्य विमाधारकाचा तोटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा, की आमच्या दोघांची नेमकी कोणती माहिती गेली, घुसखोरी केव्हा झाली आणि कंपनीला केव्हा कळली, माहिती कंपनीच्या यंत्रणेतून गेली की दावे हाताळणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडून, आणि सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेला कधी कळवले. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. कंपनी तपशील देईल किंवा मौन पाळेल. आयोगापुढे दोन्ही गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत, कारण हलगर्जीचा पुरावा कंपनीच्या कपाटात असतो आणि तो मागितला होता हे दाखवणे आपल्या हातात असते. ‘काही ग्राहकांची काही माहिती’ असल्या मोघम वाक्यावर समाधान मानू नका. आलेल्या फोनची वेळ, क्रमांक आणि बोलणे वहीत टिपा, मूळ ईमेल पुसू नका आणि स्क्रीनशॉट सादर करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र सोबत जोडा.

चौदा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. नियामक आपल्याला भरपाई देणार नाही, पण कंपनीला उत्तर द्यायला लावतो. विमा लोकपाल मुख्यतः दावे, हप्ते आणि पॉलिसीच्या सेवेचे वाद ऐकतात. निव्वळ माहिती फुटल्याच्या भरपाईसाठी तिथे वेळ घालवू नये.

प्रश्न : पॉलिसी नूतनीकरणाच्या नावाने फोन आला. पॉलिसी क्रमांक, हप्त्याची रक्कम आणि तारीख तंतोतंत सांगितल्यामुळे माझा विश्वास बसला आणि पाठवलेल्या लिंकवर पैसे भरले. नंतर कळले, की कंपनीची माहिती आधीच फुटली होती. आता कोणाला जबाबदार धरायचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सर्वांत आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेत तक्रार नोंदवा, केली नसेल तर हे उत्तर पुढे वाचण्यापूर्वी करा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. परंतु ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच धरले जाते. आपण स्वतः पैसे भरले असल्याने बँकेकडून फार मिळेल असे वाटत नाही.

विमा कंपनीविरुद्ध मात्र आपली बाजू पहिल्या वाचकापेक्षा मजबूत आहे, कारण नुकसान आकड्यात आहे. कलम ४३अ खालचा अर्ज राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे करायचा असतो. ते न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे ऐकतात. इथे दिवाणी न्यायालयात जाता येत नाही. आदेश मान्य नसल्यास ४५ दिवसांत दिल्लीच्या टीडीसॅट (दूरसंचार वाद निवारण व अपील) न्यायाधिकरणाकडे अपील आहे. सगळा वाद एकाच मुद्द्यावर होईल : फोन करणाऱ्याला ही माहिती कंपनीकडूनच मिळाली कशावरून? फक्त त्या पॉलिसीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक किंवा ईमेल असेल, नावाचे अर्जातले चुकीचे स्पेलिंग फोनवरच्या माणसाने किंवा त्याच्या संदेशाने जसेच्या तसे वापरले असेल, तर अशा बारीक खुणा फार वजनदार ठरतात. पोलीस तक्रारीतही त्या लिहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड आणि भारतीय न्याय संहितेतील तोतयेगिरीचे कलम ३१९ यांचा उल्लेख करा.

प्रश्न : माझा आरोग्य विमा नोकरीच्या ठिकाणी घेतलेल्या सामूहिक पॉलिसीतून आहे. हप्ता मी भरत नाही. मग मी ‘ग्राहक’ ठरते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ठरता. सेवा ज्याने मोबदला देऊन घेतली त्याच्या संमतीने तिचा लाभ घेणारी व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येनुसार ग्राहकच असते. मनुष्यबळ विभागाकडून पॉलिसीची प्रत आणि आपले नाव असलेली लाभार्थ्यांची यादी मागून घ्या. माहिती विमा कंपनीकडून फुटली की मालकाच्या कार्यालयातून गेलेल्या एक्सेल फाइलमधून, हे स्पष्ट नसेल, तर लेखी पत्र दोघांनाही पाठवा.