विनोदी गाणं लिहिण्याआधी

लेकरा,

तुझ्या पंधरा मिनिटांच्या फिल्मची संहिता वाचली. गोष्ट मोंढ्यात घडवलीस हे बरं केलंस. हमालांची ये-जा, काट्यावर पडणारे धान्याचे कट्टे, लिलावाचा पुकारा, तिथलं सगळं आधीच तालात चाललेलं असतं. अडचण गाण्याची आहे. गाणं सुरू झालं की तुझी गोष्ट थांबते आणि गाणं संपलं की जिथं होती तिथूनच पुढं निघते. तेवढ्या वेळात प्रेक्षक मोबाइल काढतो.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे गाण्यांचे विनोदी सिनेमे लोक अजून का बघतात, असं तू विचारलंस. नुसत्या बोलण्यातला विनोद एकदा कळला की बोथट होतो. गाण्यातला विनोद लयीवर बसलेला असतो, त्यामुळं पुढं काय येणार हे पाठ असूनही माणूस त्याची वाट बघतो. पाठ असतं म्हणूनच बघतो, असं म्हण ना! शिवाय ध्रुवपद परत परत येतं आणि दर वेळी त्याला नवं वजन चढतं. आपल्या पैठणच्या नाथांनी भारुडात हेच केलं. विंचू चावल्याचं सोंग बघून लोक हसतात आणि हसता हसता तो विंचू काम-क्रोधाचा आहे हे त्यांना कळतं. तुझ्या गाण्यात ध्रुवपद चार वेळा येतं आणि चारही वेळा त्याचा अर्थ तोच राहतो. नायक पहिल्यांदा ते ऐटीत म्हणेल, दुसऱ्यांदा अडत्याला फसवायला, शेवटी स्वतःच फसल्यावर रडकुंडीला येऊन. शब्द एकही बदलू नकोस.

‘पडोसन’मधली (१९६८) जुगलबंदी या नजरेनं पुन्हा बघ. सुनील दत्तचा भोला खिडकीत उभा राहून नुसते ओठ हलवतो. गातो मागं लपलेला त्याचा गुरू, किशोरकुमार. समोर मेहमूदचा संगीतमास्तर, त्याला आवाज मन्ना डे यांचा. म्हणजे पार्श्वगायनाची जी लबाडी आपण प्रत्येक सिनेमात निमूट मान्य करतो, तीच इथं विनोदाचा विषय झाली. गाणं संपतं तेव्हा कोण वरचढ हे बदललेलं असतं. हॉलिवूडच्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्येही (१९५२) शेवटी पडदा वर जातो आणि खरं कोण गातंय ते सगळ्या थिएटरला दिसतं. एकमेकांपासून इतके लांब असलेले हे दोन सिनेमे एकाच खोडीवर उभे आहेत.

आता मोजमाप. तुझं गाणं केहरवा तालात, म्हणजे आठ मात्रांचं, आठ ठोक्यांचं. लय मिनिटाला १६० मात्रांची ठेव. एक आवर्तन, म्हणजे आठ मात्रांचा एक फेरा, बरोबर ३ सेकंदांचं होतं, तीन मिनिटांत ६० आवर्तनं. सेकंदाला २४ फ्रेमनं शूट केलंस तर एका मात्रेला ९ फ्रेम येतात आणि कापाकापी तालावर चोख बसते. वहीत ६० ओळी आखून प्रत्येक ओळीत त्या ३ सेकंदांत पडद्यावर काय घडतं ते लिही. सलग चार ओळी कोऱ्या राहिल्या तर तेवढं गाणं सरळ काढून टाक. हशाची ओळ संपली की एक आवर्तन नुसता ठेका वाजू दे. नवखे लोक तिथं लगेच बासरी घुसवतात, मग हसायला जागाच उरत नाही.

भाषेचंही सांगतो. तुझी माणसं संवादात ‘करायलाय’, ‘बोलायलाय’ म्हणतात आणि गाण्यात एकदम ‘करीत आहे’ म्हणू लागतात. असं का? ‘-यलाय’चं आयतं यमक हाताशी असताना ते टाकायचं कशाला?

शूटिंगच्या आधी गाणं रेकॉर्ड होऊन हातात हवं. सुरुवातीला दोन आवर्तनं नुसती टिकटिक जोड, म्हणजे नट पहिल्या शब्दावर अडखळणार नाही. स्पीकर नटाच्या जवळ ठेव. आवाजाला ३४ मीटर जायला साधारण एक दशांश सेकंद लागतो, म्हणजे दोनेक फ्रेमचा फरक. मोंढ्याच्या एका टोकाला स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला नाचणारे असले की ओळ फाटते. एकाहून जास्त स्पीकर लावायचे तर वायरचेच लाव, ब्लूटूथवर ते एकमेकांच्या मागं पडतात. नटाला मोठ्यानं गायला लाव. नुसते ओठ हलवले की गळ्याची शीर फुगत नाही, श्वास दिसत नाही, आणि सोंग उघडं पडतं.

मोबाइलवर शूट करणार असशील तर फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम ते) स्थिर ठेवणारं ॲप घे. फोनमधला साधा कॅमेरा तो मधेच कमी-जास्त करतो, मग गाण्याच्या सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी सुटतात. ट्यूबलाइटखाली शटर १/५० सेकंदावर ठेव, नाहीतर चित्र फडफडतं. ओठ जुळलेत का ते तपासताना प, ब, म एवढीच अक्षरं बघ. तिथं ओठ मिटलेच पाहिजेत, बाकीच्या ठिकाणी थोडं खपून जातं.

पडणं, घसरणं, नाचणं हे पायांसकट एकाच शॉटमध्ये घे. हॉलिवूडचा नाचणारा नट फ्रेड अस्टेअर, त्याचा आग्रह असे की नाचताना कॅमेऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग दिसावं. तुकडे केलेस की माणूस खरंच पडला यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

संगीतकाराकडून आवाज, ठेका आणि बाकी वाद्यं वेगवेगळ्या फाइलमध्ये मागून घे. कच्चं संकलन दहा-बारा लोकांना दाखव आणि त्या वेळी पडद्याकडं न बघता त्यांच्याकडं बघ. जिथं हशा पुढची ओळ गिळून टाकतो तिथं ठेक्याचं आणखी एक आवर्तन घालावं लागेल. त्यावर टाकायला चित्र हवं, म्हणून शूटिंगच्या दिवशीच हमालांचे, अडत्याचे, चहावाल्याचे गप्प बघणारे चेहरे, प्रत्येकी ६ सेकंदांचे, घेऊन ठेव.