जुनी गाडी घरीच दुरुस्त करून खरंच पैसे वाचतात का?

वाचतात. पण तुम्ही ज्या हिशोबाने विचारताय त्या हिशोबाने नाही वाचत.

तुम्ही लिहिलंय की सेकंड हँड गाडी घेतली आहे, यूट्यूबवर व्हिडिओ बघताय, ऑइल आणि ब्रेक पॅड घरीच बदलले तर वर्षाला किती उरतील आणि कोणती अवजारं घ्यावीत. तुमच्या प्रश्नाखाली एकाने उत्तर दिलंय, "वेळेची किंमत करा, गॅरेजमध्ये टाका आणि मोकळे व्हा." हे वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाकडून वीस वर्षं ऐकत आले आहे, म्हणून लिहायला बसले.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात माहेर, आता कारेलीबागेत राहते, शाळेत गणित शिकवायचे. २०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. दादा पुण्याहून सुट्टीला आला होता आणि माझी गाडी घेऊन अहमदाबादला जाऊन आला. छोटी पेट्रोल गाडी, २०११ चं मॉडेल, तेव्हा सव्वा लाख किलोमीटर झालेले. एक्स्प्रेसवेवर जाता-येता काही झालं नाही. परत आल्यावर संध्याकाळी न्यायमंदिराकडून मांडवीकडे जाताना ट्रॅफिकमध्ये अडकला आणि टेंपरेचरचा काटा वर गेला. त्याने गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, इथवर ठीक. पण दुसऱ्या दिवशी मला न विचारता गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये टाकून आला.

दुपारी वर्कशॉपमधून त्याला फोन. "सर, हेड गॅस्केट गयुं छे. एन्जिन खोलवुं पडशे." म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील गेलंय, इंजिन उघडावं लागेल. एस्टिमेट चौतीस हजाराचं. हेड गॅस्केट, हेड फेसिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, लेबर. दादा म्हणाला, करून टाकू, अर्धे मी देतो. मनाचा मोठाच आहे तो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी एवढंच विचारलं, एक्स्प्रेसवेवर गाडी गरम झाली होती का? नाही. एसी कसा होता? हायवेवर मस्त, मांडवीत आल्यावर गरम हवा फेकायला लागला.

मग मी रिक्षा केली आणि गाडी उघडायच्या आत परत घेऊन आले.

ज्याने हे काम थोडंफार केलंय त्याला एव्हाना कळलं असेल. हेड गॅस्केट गेलं असतं तर एक्स्प्रेसवेवर इंजिनावर सगळ्यात जास्त ताण असताना गाडी आधी तापली असती. चालत्या गाडीत समोरून वारा येतो, रेडिएटर त्या वाऱ्यावर थंड राहतो. गाडी उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, त्याच पंख्याच्या वाऱ्यात बसलेला असतो, त्यामुळे पंखा थांबला की एसीही मरतो. दोन्ही तक्रारी एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या आणि त्या वर्कशॉपमध्ये कोणीही बॉनेट उघडून, एसी लावून, पंखा फिरतो की नाही एवढं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, इंजिन गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडलं. कूलंट गळ्यापर्यंत. ऑइलचं झाकण काढून आतल्या बाजूला बोट फिरवलं, लोण्यासारखा पांढरा थर नाही, म्हणजे कूलंट तेलात मिसळलेलं नाही. डिपस्टिकवरचं तेल काळं, पण स्वच्छ काळं. गाडी चालू केली, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. गॅस्केट ठणठणीत. मग झाकण लावून एसी लावला. फ्यूज बॉक्सवर बोट ठेवलं तर रिलेची, म्हणजे पंख्याला करंट सोडणाऱ्या स्विचची, टिक ऐकू आली आणि जाणवलीही. पंख्याच्या वायरच्या प्लगवर मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला, बॅटरीइतकेच व्होल्ट. म्हणजे करंट मोटरच्या दारापर्यंत येतोय आणि मोटर ढिम्म.

घरात जुन्या केरसुणीचा दांडा होता. तो खाली घालून मोटरच्या पाठीवर दोनदा ठोकला. पंखा एकदम भर्रकन फिरायला लागला. गच्चीतून दादा बघत होता, त्यालाही आवाज ऐकू आला. (हात घालून ठोकू नका. या पंख्याला कधी जाग येईल याचा नेम नसतो, काही गाड्यांत तर चावी काढल्यावरही फिरतो.)

ठोकल्यावर फिरतो याचा अर्थ मोटरचे कार्बन ब्रश, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे, झिजले आहेत. धक्का बसला की ब्रश त्या फिरत्या भागाला पुन्हा टेकतात, थोडा वेळ चालतं, मग पुन्हा बंद. मी मोटर काढली, तीन बोल्ट आणि एक प्लग, आणि सलाटवाड्याच्या बाजूला एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतो त्याच्याकडे पिशवीतून नेली. त्याने उघडून माझ्या तळहातावर ब्रश ठेवले. एक हरभऱ्याच्या डाळीएवढा उरला होता. "घसाई गया छे, बेन." नवे ब्रश, साफसफाई, बेअरिंगला ग्रीस, साडेतीनशे रुपये. ती मोटर आजही चालू आहे.

आता दादाचं म्हणणं ऐका. तो म्हणाला, नशीब. एखाद्या वेळी लागतो नेम. आणि तुझा अख्खा रविवार गेला तो?

हे मला लागलं, आणि का लागलं ते सांगते.

आमच्याकडे बाबांची फियाट होती, प्रीमियर पद्मिनी, तीसुद्धा जुनी घेतलेली. बाबा बडोद्याच्या कलाभवनातून, इथल्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेतून, मेकॅनिकल झालेले, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. दर दुसऱ्या रविवारी फियाट उघडायची. ठिणगीचे पॉइंट घासायचे, फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची पातळ पाती घालून गॅप बघायची, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुवायचा. पाना दादाच्या हातात. मी टॉर्च धरायची. मला पाना द्या म्हटलं की बाबा म्हणायचे, तू उजेड नीट दाखव. दादाला कंटाळा यायचा, तो मॅच ऐकायला पळायचा, आणि मी उजेड दाखवत उभी. टॉर्च जिथे काम चालू असतं तिथेच धरावी लागते, त्यामुळे दहा वर्षं मी प्रत्येक स्क्रू निघताना आणि बसताना पाहिला. बाबा स्वतःशी बोलत काम करायचे. "स्पार्क आहे का? आहे. पेट्रोल येतंय का? येतंय. मग हवा बघू." एकदा एक गोष्ट वगळायची, मग दुसरी, पार्ट बदलायचा तो सगळ्यात शेवटी. शाळेत मी मुलांना प्रमेय शिकवलं ते याच रीतीने.

त्या फियाटचा पंखा पट्ट्यावर होता, इंजिन फिरलं की तोही फिरायचा. म्हणजे माझ्या गाडीतला बिघाड बाबांनी मला शिकवलेलाच नव्हता. शिकवली होती ती शोधायची पद्धत. याला दादा नशीब म्हणतो.

तर तुमचा प्रश्न. आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे. ज्या अमेरिकन माणसाचे व्हिडिओ तुम्ही बघताय त्याच्या गावात मेकॅनिकचा तास महाग असतो, म्हणून त्याला ऑइल घरी बदलणं परवडतं. तुम्ही ऑइल घरी बदललंत तर ऑइल आणि फिल्टर तेवढ्याच किमतीचा, मजुरीचे काही शे रुपये वाचतील, त्यातून जॅक, स्टँड, पाने घेतलेत तर पहिल्या वर्षी तुम्ही तोट्यात. शिवाय जुनं तेल गटारात ओतता येत नाही, ते डब्यात भरून गॅरेजमध्ये नेऊन द्यावं लागतं. एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपर, बल्ब, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन काढणं, ही कामं जरूर घरी करा. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो, पाच मिनिटांचं काम आहे आणि सर्व्हिसच्या बिलात त्याचे वेगळे पैसे लावतात.

मोठा पैसा वाचतो तो न बिघडलेला पार्ट न बदलल्यामुळे. माझे तेहतीस हजार सहाशे पन्नास तिथे वाचले. सकाळी गाडी चालू झाली नाही की बॅटरी बदला म्हणणारे शंभर भेटतील. मल्टीमीटर लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या वर दाखवत असेल तर बॅटरी भरलेली आहे. इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा दिसायला हवं, नसेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि नवी बॅटरी आणलीत तरी तीही उतरणार. एवढं बघून गॅरेजमध्ये गेलात तर तुमच्याशी बोलण्याचा सूरच बदलतो.

आणि माहिती नसल्याची किंमत बघायची असेल तर ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात यायला हवं होतं. विश्वामित्रीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये सीटच्या वर चढलं. पाणी उतरल्यावर शेजाऱ्यांनी काय केलं? चावी फिरवून बघितली, चालू होते का! सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दोघांची इंजिनं अशी गेली. वर विमा कंपनीने दाखवलं की साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. बाकी तीन गाड्यांना मी हात लावू दिला नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवायला लावली, टो करून नेल्या, मेकॅनिकने स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढलं. त्या आज रस्त्यावर आहेत. या कामात मी पानासुद्धा उचलला नव्हता.

कुणी म्हणेल, हे आपलं काम नाही, आपण नोकरी करणारी माणसं. दादाही शेवटी तिथेच येतो. हे बडोद्याच्या मराठी घरात ऐकलं की मला राग येतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जरांना प्राचार्य केलं, ते या राज्यातल्या पोरांनी रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम हाताने शिकावं म्हणून. दादासाहेब फाळके तिथे शिकले. माझे बाबा तिथे शिकले. त्यांच्या मुलाने ग्रीसला नाक मुरडावं?

अवजारांचं राहिलं. शंभर नगांची पेटी ऑनलाइन घेऊ नका, त्यातले नव्वद कधी लागत नाहीत आणि उरलेले बोल्टचे कोपरे खातात. चांगल्या कंपनीचे ८ ते १९ मिलिमीटरचे रिंग पाने, १०, १२ आणि १४ चे गोटी पाने रॅचेटसकट, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, एक साधा मल्टीमीटर. आणि टॉर्च. सुरुवातीला एवढं पुरे. पाने पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलेत तर तुमच्या मुलांना पुरतील.

बाबांचे पुरले असते. २०१६ मध्ये ते गेल्यावर त्यांची हिरवी पत्र्याची पेटी दादा पुण्याला घेऊन गेला, मुलाकडे राहावी म्हणून. मी तेव्हा काही बोलले नाही. मागच्या दिवाळीत गेले तेव्हा ती बाल्कनीत कुंड्यांच्या खाली होती. उघडली. फिलर गेजची पाती एकमेकींना गंजून चिकटली होती. मी ती तिथेच बसून रॉकेलने सुटी केली, पुसली आणि पेटी मागितली. पंख्याचं काय झालं होतं तेही पुन्हा सांगितलं. दादा म्हणाला, गणपतीत येईन तेव्हा आणतो. वाट बघते आहे.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड नसेल तर ते काम तुमचं नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. ब्रेक पॅडचं तुम्ही विचारलंय, पहिल्या दोन वेळा जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून बघा, मग करा. एअरबॅगच्या वायरिंगला हात नको, हायब्रिड गाडीतल्या हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलना तर नकोच. सीएनजी किट असेल तर ते अधिकृत माणसाकडेच, आणि टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी होते, सेकंड हँड गाडी घेतली आहे तर टाकीवरच्या पाटीवरची तारीख आजच बघून घ्या.