पाना, पासिंग आणि ‘बहुतेक’

मागच्या सदरात ओघात लिहून गेलो की मी घरच्या गॅरेजात किट कार बांधली, आणि यावेळी निम्मे प्रश्न त्याचेच आले. आपल्याकडे किट म्हटलं की सीएनजीचं किट आठवतं, म्हणून आधी सांगतो. इथे ब्रिटनमध्ये किट कार म्हणजे चासी (गाडीचा सांगाडा), पत्रे, इंजिन, चाकं, नटबोल्ट असं सगळं खोक्यांतून दारात येतं आणि गाडी आपण जोडायची.

मी आयटीतला माणूस. आयुष्यात पंक्चरही काढलेलं नाही. जमेल का? आणि एका गाडीचं गॅरेज पुरेल का? (स्लाव)

जमेल. पण पहिली गाडी सगळे भाग नवे असलेलीच घ्या. कॅटरहॅम या ब्रिटिश कंपनीच्या किटमध्ये वायरिंग तयार येतं, वेल्डिंग करावं लागत नाही. जोडायला साधारण 80 ते 100 तास लागतात असं म्हणतात. मला दुपटीहून जास्त लागले, त्यातले बरेच फरशीवर घरंगळलेला वॉशर शोधण्यात गेले.

गाडी जेमतेम 3.1 मीटर लांब, त्यामुळे ती मावते. अडचण इंजिन बसवताना येते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडून, क्रेनला टांगून तिरके आत सरकवायचे असतात, आणि क्रेनला गाडीच्या पुढे भरपूर जागा लागते. त्या दिवशी गॅरेजचं दार उघडं ठेवा, पाऊस नसलेला रविवार धरा आणि एक मित्र बोलवा. क्रेन भाड्याने मिळते. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच कसू देणारा पाना, मात्र स्वतःचा आणि चांगला घ्या.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला कसला की लगेच पेंट मार्करने त्यावर पिवळी रेघ ओढायची. रेघ नाही म्हणजे बोल्ट कसलेला नाही. रात्री अकरा वाजता डोकं म्हणतं, ‘हा कसला होता बहुतेक.’ ‘बहुतेक’ला गॅरेजात थारा देऊ नका.

शोरूममध्ये तयार गाड्या असताना ही उठाठेव कशाला? पैसे वाचतात का? (लेस्टर)

एके काळी वाचायचे. 1957 मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने सेव्हन ही गाडी आणली. तयार गाडीवर पर्चेस टॅक्स (खरेदी कर) होता, सुट्या भागांवर नव्हता. अट अशी, की सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग म्हणे लोटसने गाडी सुटी कशी करायची त्याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचत यायच्या! 1973 मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमकडे गेले.

आज कॅटरहॅमच्या नव्या किटला 25 हजार पौंडांच्या वर मोजावे लागतात. स्वस्तात करायचं तर जुन्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स वगैरे काढून नव्या चासीवर चढवतात. त्यासाठी माझदा एमएक्स-5 लोकप्रिय आहे. पण इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने गंजलेला एक बोल्ट अख्खी दुपार खातो. हिशेब फक्त पैशांचा असेल तर जुनी एमएक्स-5 घ्या आणि तीच चालवा.

जुन्या फोर्ड सिएराचं इंजिन वापरून गाडी बांधली. किल्ली फिरवली की स्टार्टर जेमतेम फिरतो. बॅटरी नवी आहे. ॲक्सिलरेटरची केबल मात्र हाताला गरम लागते. (मिल्टन कीन्स)

किल्लीला हात लावू नका, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. तुमच्या इंजिनाची अर्थिंगची पट्टी राहिली आहे किंवा रंगावर बसवली आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर असतं, त्यामुळे त्याचा चासीशी विजेचा संबंध येतो तो त्या पट्टीनेच. ती नसली की स्टार्टरचा सगळा करंट सापडेल त्या वाटेने परत जातो, आणि तुमच्याकडे ती वाट म्हणजे ॲक्सिलरेटरची बारीक तार. माझ्या केबलचं प्लास्टिक याच चुकीने वितळलं होतं. वास आला तेव्हा मी शेजाऱ्याच्या बार्बेक्यूला दोष देत होतो.

पट्टी जिथे बसते तिथला पावडर कोटिंग पार धातू चमकेपर्यंत घासा, बोल्ट कसा आणि वरून ग्रीस लावा. केबल बदलाच. तारा आतून गेल्या असतील तर ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहील. बॉडी फायबरची असेल तर दिव्यांनाही स्वतंत्र अर्थ ओढावी लागते, फायबरमधून करंट जात नाही.

गाडी तयार आहे. पुढच्या महिन्यात आयव्हीए टेस्ट आहे. काय काय बघतात? (स्लाव)

आयव्हीए म्हणजे एकेका गाडीचं पासिंग. ब्रेक, दिवे, धूर, आवाज हे सगळं तपासतातच, पण लोक नापास होतात ते बहुधा कडांवर. एखादा पादचारी गाडीवर आदळला तर त्याला लागेल अशी कुठलीही बाहेरची कड 2.5 मिलिमीटर त्रिज्येइतकी तरी गोल हवी. 100 मिलिमीटर व्यासाचा चेंडू जिथे टेकतो तिथे ही अट लागू. मी पहिल्या फेरीत नापास झालो तो आरशाच्या ब्रॅकेटमुळे. त्याच्यावर रबरी कड चढवली, तेवढ्यावर काम भागलं. टेस्टला जायच्या आदल्या रात्री डोळे मिटून गाडीवर सगळीकडे तळहात फिरवा. हाताला जे टोचेल ते परीक्षकाला दिसेल.

स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलं तर तिथेच नापास. थोडा जास्त चालतो.

स्वतः बांधल्याचे फोटो आणि पावत्या लागतात. फोटोत चासीशेजारी तुम्हीही दिसा, नुसती गाडी नको. भाग कुठून आले हे कागदावर दाखवता आलं नाही तर ‘क्यू’ने सुरू होणारी नंबर प्लेट मिळते, आणि विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. आधी ठरलेल्या टेस्टला नोंदणीविना गाडी चालवत नेता येते, विमा मात्र हवा.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप केली. मग मीही गाडी बांधून पासिंग करू शकेन ना? (कडेगाव)

देवराष्ट्र्याच्या लोहारांची ती किक मारून सुरू होणारी जीप मलाही भारी आवडली. पण 2021 च्या डिसेंबरात तिचं कौतुक करतानाच आनंद महिंद्रांनी लिहिलं होतं की ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या थांबवतील. बदल्यात त्यांनी बोलेरो दिली. नव्या वाहनाच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागते. ती वाट कारखानदारासाठी आहे. एका माणसाच्या एका गाडीला ब्रिटनसारखी सोय आपल्याकडे नाही. जुन्या गाडीच्या आरसीवर नवी गाडी चढवण्याचा सल्ला कुणी देईल, पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नेमकं तेच अडवतं. शेतात चालवायची तर खुशाल बांधा.

मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. किटचे पैसे नाहीत. (पुणे)

कॉलेजच्या बाहा एसएई संघात शिरा. ही विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून उतरायची स्पर्धा. चासी स्वतः वेल्ड करावी लागते, आणि तीही रोल केजसकट, म्हणजे गाडी उलटली तर आतल्याला वाचवणाऱ्या पाइपांच्या पिंजऱ्यासकट. पहिले सहा महिने तुमच्या वाट्याला पाइप कापणं आणि त्यांची टोकं घासणं येईल. कंटाळलात तरी टिका, आणि हातमोजे स्वतःचे न्या.