‘एल.सी.चा अर्ज द्या’ असं शाळा म्हणते तेव्हा

सातवीतल्या मुलाचे आईबाबा सल्ल्यासाठी माझ्याकडे आले, तेव्हा आईच्या पर्समध्ये शाळेच्या ऑफिसने दिलेला एक छापील कागद होता. मधल्या सुट्टीत जिन्यावर ढकलाढकली झाली होती आणि त्यात दुसऱ्या मुलाचं मनगट मोडलं होतं. मुख्याध्यापिकांचं म्हणणं, ‘आम्ही काढलं तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर (एल.सी.वर) तसा शेरा येईल. त्यापेक्षा तुम्हीच अर्ज करा.’ दोन दिवसांची मुदत होती. आई एवढंच विचारत होती, असं काढता येतं का?

येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. याच कलमात मुलाला त्याच वर्गात न ठेवण्याचाही नियम होता. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत फेरपरीक्षेनंतरही नापास झालेल्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. त्यामुळे कलमच गेलं असा समज पसरला आहे. पण काढून टाकण्यावरची बंदी उपकलम ४ मध्ये कायम आहे. विनाअनुदानित शाळांनाही ती लागू आहे, मग बोर्ड कुठलंही असो.

आता तो कागद. त्यावर होतं: ‘मी स्वखुशीने माझ्या पाल्याचा दाखला नेत आहे. शाळेविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही.’ खाली पालकाची सही. हक्क हातचा जातो तो बहुतेक वेळा या सहीपाशी. सही झाली की दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लागतं आणि कागदोपत्री शाळेने कुणाला काढलेलंच नसतं. मग शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार कशाची करणार? ‘पुन्हा चूक झाल्यास शाळेचा निर्णय मान्य राहील’ हे हमीपत्रही त्याच जातीचं. घडल्या प्रकाराबद्दल खेद जरूर लिहून द्यावा, दुसऱ्या मुलाच्या पालकांना भेटून यावं, पण पुढच्या शिक्षेला आगाऊ होकार देऊ नये.

आईबाबांनी सही केली नाही. त्याऐवजी एक पानी पत्र दिलं. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, घटनेची तारीख, कुणी काय सांगितलं ते, आणि तीन मागण्या: निर्णय लेखी द्या, त्याची कारणं आणि तक्रारीची प्रत द्या, मुलाला वर्गात बसू द्या. कलम १६(४) चा उल्लेख केला. पत्राच्या दोन प्रती काढून एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. ऑफिसने पोच नाकारली, तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट आणि ईमेल करावा. तोंडी भेटीनंतरही संध्याकाळी ‘आज आपण असं सांगितलंत’ असा दोन ओळींचा ईमेल ठेवावा. फोनवरचं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही.

शाळा हलली नाही, तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करायची: शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, ग्रामीण भागात जिल्हा परिषद. ‘सीबीएसई आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मिळालं तर तेच लेखी मागावं. निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे. तेवढे दिवस मूल घरी बसू शकत नाही, म्हणून तक्रारीत ‘निर्णय होईपर्यंत वर्गात बसू द्यावे’ ही मागणी वेगळी, ठळक लिहावी. निर्णय पटला नाही, तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. अर्जाचं काय झालं हे कळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात विचारावं. उत्तराला ३० दिवस असतात.

दोन ठिकाणी हे कवच नाही. नववी-दहावीत कलम १६ संपतं. तिथे झगडा वेगळा असतो: आरोप लेखी दिला का, बाजू मांडू दिली का, चुकीच्या मानाने शिक्षा किती. दुसरं, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा या कायद्याबाहेर गेल्या. शाळा तसं म्हणत असेल तर अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र पाहायला मागा आणि वकिलाला लवकर भेटा.

शाळाच नको असं मुलाला आणि तुम्हाला दोघांना वाटत असेल, तर तेही चालेल, पण ते तुम्ही ठरवा. दाखला तातडीने देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. तो मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही (कलम ५).

या मुलाच्या वह्या पाहिल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. फळ्यावरचं अर्धंच उतरवलेलं, जोडाक्षरं तुटलेली, तिसरीपासून प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ हाच शेरा. अशा मुलाची अध्ययन अक्षमतेची (वाचन-लेखन शिकण्यात येणाऱ्या विशिष्ट अडचणीची) तपासणी करून घ्यायलाच हवी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे ही अक्षमता लवकर ओळखून मदत करणं शाळेचं काम आहे. पुढच्या पत्रात आईने ही मागणी चौथी म्हणून लिहिली. मुलगा दहाव्या दिवशी वर्गात परत बसला, आणि तपासणीसाठी सरकारी रुग्णालयाची तारीख त्यानंतरच्या आठवड्यात मिळाली.