नट-बोल्ट जर्मनीला पाठवतो. सीबॅमसाठी छतावर सोलर बसवून फायदा होईल का?

सीबॅमपुरतं बोलायचं तर नाही. वीजबिलासाठी सोलर जरूर बसवा, पण सीबॅममध्ये, म्हणजे आयात मालावरच्या युरोपच्या कार्बन शुल्कात, लोखंड-पोलादाच्या मालाचं फक्त थेट (इंधन जाळून, प्रक्रियेतून होणारं) उत्सर्जन धरतात, विजेचं नाही. कर्ज काढून पॅनेल घेण्याआधी एवढं माहीत हवंच.

तुमचा बोजा वायरमध्ये, म्हणजे बोल्टच्या कच्च्या मालात आहे; तिच्या पोलादाचं उत्सर्जनही तुमच्याच मालात धरतात. समजा १०० टन बोल्टला १०८ टन वायर लागली आणि ती ब्लास्ट फर्नेसच्या (कोळशावर खनिज वितळवून केलेल्या) पोलादाची, टनामागे २.२ टन कार्बन डायऑक्साइडची. झाले २३७.६ टन. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला ६ टन एलपीजी लागला. किलोला साधारण ३ किलो धरून १८ टन. म्हणजे टनभर बोल्टमागे २.५६ टन, त्यात तुमच्या भट्टीचे जेमतेम ०.१८. इथे हमखास चूक होते ती १०८ ऐवजी १०० टन वायर धरण्याची. कटिंगचं भंगार विकलं तरी त्याचं उत्सर्जन वजा होत नाही, सगळं बोल्टवरच पडतं.

म्हणून वायर ज्या मिलची, तिच्याकडून त्या प्लांटचा पडताळणी झालेला आकडा लेखी घ्या. नेहमीच्या मिल टेस्ट सर्टिफिकेटवर रासायनिक घटक आणि ताकद असते, हा आकडा नसतो. स्टॉकिस्टकडचा मिसळलेला माल घेतलात तर मिल सिद्ध करता येत नाही, मग आयातदाराला युरोपीय आयोगाची ठरीव मूल्यं लावावी लागतात आणि ती मुद्दाम चढी ठेवलेली आहेत. भंगार वितळवून आर्क फर्नेसमध्ये (विजेच्या भट्टीत) केलेल्या वायरचा आकडा बराच खाली येतो. मात्र भंगारातून तांबं येतं, त्यामुळे कोल्ड हेडिंगला, म्हणजे थंड वायर ठोकून बोल्टचं डोकं घडवताना, तडे जाऊ शकतात. आधी ट्रायल लॉट काढा.

‘२०२६ मध्ये फक्त अडीच टक्के भरायचे’ हे अर्धसत्य आहे. युरोपच्या मापदंडाचा, म्हणजे त्या मालासाठी टनामागे ठरवलेल्या उत्सर्जनाच्या पातळीचा, ९७.५ टक्के भाग वजा होतो, पण त्या मापदंडाच्या वर जितकं उत्सर्जन असेल त्यावर पहिल्या वर्षापासून पूर्ण शुल्क लागतं. २०३४ मध्ये ही वजावट शून्य होईल.

शुल्क आयातदार भरतो. हे शुल्क प्रमाणपत्रं विकत घेऊन भरतात; २०२६ च्या मालाची प्रमाणपत्रं त्याला फेब्रुवारी २०२७ पासून विकत घेता येतील. ते पैसे तो तुमच्या भावातून कापू पाहील, तेव्हा वरचा हिशेब समोर ठेवा. आणि त्याआधी एक विचारून घ्या: सगळ्या पुरवठादारांकडून मिळून सीबॅममध्ये बसणारा त्याचा माल वर्षाला ५० टनांपर्यंतच असेल, तर त्याला शुल्क लागूच होत नाही.